वायफाय स्पीकर घरात छान वाजतो, बाहेर नेला की तुटतो: नेमकं कुठे पाहायचं

अंगणात, बागेत किंवा गच्चीवर नेलेला वायफाय स्पीकर थोडा वेळ बरा चालतो. मग गाणं अडखळतं, थांबतं, पुन्हा सुरू होतं. राउटर बंद करून चालू केला की एखाद-दोन दिवस सुरळीत, आणि मग येरे माझ्या मागल्या. यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे रिपीटर (राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारी पेटी). तो आणून स्पीकरच्या शेजारच्या सॉकेटला लावतात आणि गाणं तुटायचं ते तुटतंच, कारण सिग्नल नेमका कुठे पडतोय हे कुणी पाहिलेलंच नसतं. म्हणून फुकटात होणारी कामं आधी घेतो, खरेदी सगळ्यात शेवटी.

गाणं तुटतंय की स्पीकर सापडत नाहीये?

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. गाणं बिनधोक वाजतंय, पण अ‍ॅपमधून आवाज कमी-जास्त होत नाही किंवा स्पीकर यादीतून गायबच होतो, अशी तक्रार असेल तर दोष बहुतेक वेळा फोनकडे असतो. घराबाहेर पडल्यावर वायफाय कमकुवत झालेला पाहून फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो. आता फोन एका नेटवर्कवर आणि स्पीकर दुसऱ्या, मग तो दिसणार कसा? फोनच्या सेटिंगमध्ये 'वायफाय कमकुवत असल्यास मोबाइल डेटा वापरा' अशा अर्थाचा पर्याय असतो. तो बंद करा, किंवा तपासण्यापुरता मोबाइल डेटाच बंद ठेवा.

फोनवर व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) चालू असेल तरी असंच होतं. आयफोनवर आणखी एक गोष्ट पाहायची: आयओएस १४ पासून प्रत्येक अ‍ॅपला स्थानिक नेटवर्कवरची उपकरणं शोधायची वेगळी परवानगी लागते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा घाईत 'नको' दाबलं गेलं असेल, तर ते अ‍ॅप स्पीकर कधीच दाखवणार नाही. तसंच स्पीकर पाहुण्यांसाठीच्या, म्हणजे गेस्ट नेटवर्कवर जोडला असेल तर राउटर मुद्दामच उपकरणांना एकमेकांपासून लपवतो. स्पीकर मुख्य नेटवर्कवर घ्या.

यातलं काहीच लागू नसेल आणि गाणंच तुटत असेल, तर पुढे वाचा.

गाणं कुठल्या वाटेनं येतंय?

गुगल कास्ट किंवा स्पॉटिफाय कनेक्टनं वाजवताना स्पीकर गाणं थेट इंटरनेटवरून ओढतो आणि फोन फक्त रिमोटचं काम करतो. फोन घेऊन तुम्ही घरभर फिरलात तरी फरक पडत नाही. एअरप्लेनं वाजवताना मात्र साधारणपणे गाणं फोनमधून राउटरकडे जातं आणि राउटरकडून स्पीकरकडे येतं. तुम्ही फोन खिशात घालून बाहेर बसला असाल, तर एकच गाणं त्याच कमकुवत टप्प्यातून दोनदा जातंय. फोनमध्ये साठवलेली फाइल कास्ट करतानाही हीच स्थिती असते.

तपासायला सोपं आहे. गाणं सुरू करा, फोन राउटरजवळ नेऊन ठेवा, आणि बाहेर येऊन ऐका. तुटणं थांबलं तर स्पीकरच्या इतकाच फोनच्या जागेचाही प्रश्न आहे. वाजवायची पद्धत बदलून, म्हणजे स्पीकर स्वतः गाणं ओढेल अशा पद्धतीनं वाजवून, अर्धं काम होऊन जाईल.

त्यानंतरची चाचणी मला सगळ्यात उपयोगी वाटते. एका फोनचा हॉटस्पॉट चालू करा, तो फोन स्पीकरच्या शेजारी ठेवा, स्पीकर आणि दुसरा फोन त्या हॉटस्पॉटवर जोडा आणि दुसऱ्या फोनवरून गाणं लावा. बाहेर त्याच जागी अर्धा तास न तुटता वाजलं, तर स्पीकर धडधाकट आहे आणि घर ते अंगण हा टप्पाच कच्चा आहे. इथेही तुटलं, आणि फोनच्या डेटाला चांगली रेंज असेल, तर स्पीकरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर), बॅटरी किंवा गाण्याची सेवा यांच्याकडे बघावं लागेल. तसं असेल तर राउटर कितीही हलवला तरी उपयोग नाही.

स्पीड टेस्ट दाखवू नका

'बाहेर उभं राहून फोनवर ४० एमबीपीएस येतात, मग गाणं का तुटतं?' हा ठरलेला प्रश्न. गाण्याला वेग फारसा लागतच नाही. चांगल्या दर्जाचं स्ट्रीमिंग ३२० केबीपीएसच्या आसपास असतं, आणि सीडीच्या दर्जाचा कॉम्प्रेस न केलेला आवाजही १,४११ केबीपीएस, म्हणजे दीड एमबीपीएसच्या आतच. गाण्याला लागतं सातत्य. स्पीकर काही सेकंदांचं गाणं आधीच साठवून ठेवतो. हे गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखं आहे: वरून पाणी मधूनमधून बंद झालं तरी नळ चालू राहतो, पण टाकी लहान असेल आणि पाणी जरा जास्त वेळ गेलं, की नळ कोरडा. स्पीड टेस्ट ही टाकी किती वेळा रिकामी होते ते सांगतच नाही, ती अर्ध्या मिनिटाची सरासरी सांगते.

शिवाय फोन तुमच्या हातात, छातीच्या उंचीवर असतो आणि त्यात बहुधा एकापेक्षा जास्त अँटेना असतात. स्पीकर जमिनीवर किंवा ओट्यावर असतो, आणि त्याची छोटीशी अँटेना बॅटरी, चुंबक आणि कधी कधी धातूची जाळी यांच्या गर्दीत बसवलेली असते. फोनला जे मिळतं ते स्पीकरला मिळेल असं धरून चालता येत नाही.

मोजायचं तर सिग्नलची ताकद डीबीएम या एककात मोजा. अँड्रॉइडवर वायफाय तपासणारी मोफत अ‍ॅप्स हा आकडा दाखवतात. मॅकवर ऑप्शन की दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की तो दिसतो. त्याहून उत्तम म्हणजे राउटरच्या सेटिंगच्या पानावरची जोडलेल्या उपकरणांची यादी. अनेक राउटर तिथे प्रत्येक उपकरणासमोर सिग्नल लिहितात, आणि तो खुद्द स्पीकरचा असतो, फोनचा नव्हे. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५५ म्हणजे छान. उणे ६७ पर्यंत गाणं निर्धास्त वाजावं. उणे ७० च्या पुढे कुरबुर सुरू होते आणि उणे ८० ला जोडणी नावापुरतीच उरते. ३ डीबी गेले की शक्ती निम्मी होते, १० गेले की एक दशांश. त्यामुळे उणे ६५ आणि उणे ७५ हे कागदावर शेजारी-शेजारी दिसले तरी त्यात दहापटीचं अंतर आहे.

केबलनं राउटरला जोडलेला कॉम्प्युटर असेल तर आणखी एक करता येईल. स्पीकरचा आयपी पत्ता राउटरच्या यादीतून घ्या आणि त्याला पाच-दहा मिनिटं पिंग करत राहा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते पाहत राहा. बहुतेक उत्तरं काही मिलिसेकंदांत यावीत. मधूनच पाचशे, हजार असे आकडे किंवा 'टाइम आउट' दिसत असेल आणि त्याच वेळी गाणं अडखळत असेल, तर दोष इंटरनेट कंपनीचा नाही, तुमच्याच हवेतला आहे. कंपनीला फोन लावून वाट बघण्याचा ताप वाचला.

सिग्नल खातंय कोण?

भिंत, हे उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं. विटांची भिंत साधारण ५ ते १० डीबी खाते, काँक्रीटची १० ते २०, जाडी आणि आतल्या सळयांप्रमाणे कमी-जास्त. घरातला वायफाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांवर चालतो, आणि ५ गिगाहर्ट्झवर नुकसान आणखी वाढतं. पण खिडक्यांकडे लोकांचं लक्ष जात नाही. साधी काच दोन-चार डीबी घेते, तिच्यातून सिग्नल आरामात बाहेर पडतो. उष्णता अडवणारी काच असेल तर तिच्यावर धातूचा अतिशय पातळ थर असतो आणि तो २० डीबी किंवा त्याहूनही जास्त अडवू शकतो. म्हणजे मोठी काचेची भिंत असलेल्या खोलीतून अंगण स्पष्ट दिसतं, पण वायफायला तिथून वाट नसते. डासांसाठी लावलेली जाळी धातूची असेल तर तीही हेच करते, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते आणि जाळीची भोकं त्यापुढे नगण्य. नायलॉनची जाळी काही करत नाही. खिडकी उघडून, मग जाळी सरकवून, दोन्ही वेळा आकडा बघा. लगेच कळेल.

दुसरी उपेक्षित गोष्ट म्हणजे उंची. दोन अँटेनांच्या मधोमध फक्त सरळ रेषा मोकळी असून भागत नाही, रेषेभोवतीची फुगीर जागाही मोकळी लागते. २.४ गिगाहर्ट्झवर १५-२० मीटर अंतर असेल तर ही जागा मध्यभागी रेषेपासून साधारण पाऊण मीटर पसरलेली असते. स्पीकर गवतावर ठेवला की तिचा खालचा भाग जमिनीत जातो. तोच स्पीकर उचलून स्टुलावर, कठड्यावर किंवा खांबाच्या ब्रॅकेटवर ठेवा. एवढ्यावर ज्यांचं काम झालं असे लोक कमी नाहीत.

आणि एक गंमत: तो आहे तिथून वीतभर डावी-उजवीकडे सरकवून बघा. भिंतींवरून, गाडीवरून, पत्र्यावरून उसळून आलेल्या लहरी एखाद्या ठिकाणी एकमेकींना मारतात आणि काही सेंटिमीटरवर पुन्हा जोर धरतात. आकडा १० डीबीनं वर-खाली होताना दिसला तर चकित होऊ नका. लोखंडी टेबलावर, पत्र्याच्या शेडखाली भिंतीला चिकटवून किंवा धातूच्या पेटीत स्पीकर ठेवणं टाळा.

मग दुपारी तपासलं तेव्हा सगळं ठीक आणि संध्याकाळी लोक जमले की तुटतं, असं का? कारण माणसाच्या शरीरात निम्म्याहून जास्त पाणी असतं आणि पाणी या लहरी शोषतं. घर आणि स्पीकर यांच्या मधे दहा-पंधरा माणसं उभी राहिली की तो एक अडसरच. पावसानं भिजलेली दाट झाडीही तशीच. त्यात संध्याकाळी आजूबाजूच्या घरांतले राउटर कामाला लागतात आणि आलेल्या प्रत्येकाच्या खिशातला फोनही वायफाय आणि ब्लूटूथ चालू ठेवून असतो. म्हणून मोकळ्या अंगणात उणे ६७ वर समाधान मानू नका. तिथे उणे ६० च्या आसपास मिळत असेल तरच गर्दीतही गाणं टिकेल.

जागा बदला, मग सेटिंग

राउटर टीव्हीच्या मागे, कपाटात किंवा जमिनीवर असेल तर तो आधी तिथून काढा. बाहेरच्या बाजूच्या खोलीत, खांद्याच्या उंचीवर, साध्या काचेच्या खिडकीजवळ आणता आला तर पुढचं बरंच काही करावं लागणार नाही. बाहेर दिसणाऱ्या अँटेना असतील तर त्या स्पीकरच्या दिशेनं रोखू नका. अशा दांड्यासारख्या अँटेनाचा सिग्नल बाजूंनी पसरतो, टोकाच्या दिशेला सगळ्यात कमी असतो. एकाच मजल्यावरच्या अंगणासाठी ती उभी ठेवा. स्पीकर गच्चीवर असेल तर एखादी आडवी करून पाहा.

राउटरचा 'ट्रान्समिट पॉवर' वाढवण्यानं फार काही साधत नाही. राउटर मोठ्यानं बोलू लागतो, पण स्पीकरचा आवाज तेवढाच क्षीण राहतो, आणि वायफायमध्ये प्रत्येक तुकड्याची पोच परत यावी लागते. चांगली अँटेना मात्र दोन्ही दिशांना मदत करते.

आता पट्टा. बाहेरच्या स्पीकरसाठी २.४ गिगाहर्ट्झ घ्या, वेग कमी असला तरी. बहुतेक राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि घरात ५ वर जोडला गेलेला स्पीकर बाहेर नेल्यावरही त्यालाच चिकटून बसतो. २.४ ला वेगळं नाव देऊन स्पीकर फक्त त्याच्यावर जोडा. फोन ५ वर राहिला तरी चालतं, नावं दोन असली तरी नेटवर्क एकच असतं. भिंती नसलेल्या, थेट समोर दिसणाऱ्या जागेत आणि शेजारी राउटरांची दाटी असेल, तर ५ गिगाहर्ट्झ उलट सरस ठरू शकतो. प्रत्येक पट्ट्याचे छोटे भाग पाडलेले असतात, त्यांना चॅनल म्हणतात. तिथे चॅनल ५२ ते १४४ टाळा. हे चॅनल रडारबरोबर वाटून घ्यावे लागतात. रडारची चाहूल लागली की राउटरला तो चॅनल तत्काळ सोडावा लागतो आणि स्पीकर हवेत लोंबकळतो. शिवाय काही स्पीकरांना हे चॅनल दिसतच नाहीत.

२.४ वर चॅनल १, ६ किंवा ११ यांतलाच एक निवडा, कारण हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. 'कमी गर्दीचा' म्हणून ३ किंवा ८ निवडला तर दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचा गोंगाट झेलावा लागतो. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. आणि चॅनल आपोआप निवडणारा 'ऑटो' पर्याय बंद करा. राउटर बंद-चालू केल्यावर दोन दिवस बरं का चालतं, याचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं: सुरू होताना राउटर चॅनल नव्यानं निवडतो, त्या घडीला मोकळा दिसलेला चॅनल पकडतो आणि पुढे आजूबाजूची परिस्थिती बदलली तरी तिथेच बसून राहतो. वायफाय तपासणाऱ्या अ‍ॅपमध्ये संध्याकाळी, म्हणजे तुम्ही खरोखर गाणी ऐकता त्या वेळी, कुठला चॅनल रिकामा आहे ते पाहून तो पक्का करा.

राउटरला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क जोडलेली असेल तर ती काढून एकदा तपासा. तिचा विद्युत गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो आणि त्याचा त्रास दूरच्या, दबक्या आवाजाच्या उपकरणाला आधी होतो. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात काम करतो, पण तो चालू असतानाच गाणं तुटत असेल तर तुमच्या ते आपोआप लक्षात येईल.

अनेक स्पीकर गटात जोडून एकच गाणं वाजवत असाल तर बाहेरचा स्पीकर गटातून काढून पाहा. सगळ्यांना ताल जुळवून चालावं लागतं, त्यामुळे एका कमकुवत गड्यापायी घरातले स्पीकरही अडखळू शकतात.

रिपीटर, मेश की केबल?

एवढं करून आकडा उणे ७० च्या पुढेच राहिला तर खरेदीला पर्याय नाही. रिपीटर घेणार असाल तर जागेचं पथ्य पाळा. स्पीकरजवळ जिथे सिग्नल मेलेला आहे, तिथे लावलेला रिपीटर तोच मेलेला सिग्नल पुढे पाठवतो, आणि फोनवर सगळ्या दांड्या भरलेल्या दिसतात म्हणून फसगत होते. तो घराच्या आतच, बाहेरच्या भिंतीलगत, मूळ राउटरचा सिग्नल उणे ६० ते ६५ मिळतो तिथे लावा. एकाच रेडिओचा रिपीटर घेणं-देणं आळीपाळीनं करतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. गाण्याला तेवढा वेग पुरतो, पण शेजारी गर्दी असेल तर ताण जाणवतो.

मेशमध्ये, म्हणजे घरभर ठेवलेल्या अनेक पेट्या (नोड) मिळून एकच नेटवर्क चालवतात त्या व्यवस्थेत, वेगळीच मेख असते. स्पीकर घरात असताना दिवाणखान्यातल्या नोडला जोडला गेला, मग तुम्ही तो उचलून बाहेर नेलात. बाहेरच्या बाजूचा नोड चार पावलांवर असला तरी स्पीकर जुन्या नोडला धरून बसतो, अगदी जोडणी तुटेपर्यंत. कुठल्या नोडकडे जायचं हे मुख्यतः उपकरणच ठरवतं, आणि स्पीकर या बाबतीत फोनइतके चलाख नसतात. बाहेर नेल्यावर स्पीकर एकदा बंद करून चालू करा, म्हणजे तो नव्यानं शोध घेऊन जवळचा नोड पकडेल. मेश घेऊनही रडणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना एवढंच पुरतं.

माझं मत विचाराल तर बाहेरच्या वापरासाठी केबलला तोड नाही. जुना राउटर पडून असेल तर तो अ‍ॅक्सेस पॉइंट (त्याच नेटवर्कचा वायफाय दुसऱ्या जागी देणारी पेटी) म्हणून लावा: मुख्य राउटरपासून नेटवर्क केबल आणा, जुन्या राउटरच्या लॅन पोर्टला लावा, त्याचं डीएचसीपी (उपकरणांना आयपी पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि चॅनल मुख्य राउटरपेक्षा वेगळा ठेवा. डीएचसीपी चालू ठेवून केबल वॅन पोर्टला लावली तर दुसरं नेटवर्क तयार होतं, आणि मग सुरुवातीचीच 'स्पीकर दिसत नाही' ही तक्रार मागच्या दारानं परत येते.

रोज बाहेर ऐकणाऱ्यांनी बाहेर लावायचा, धूळ-पाण्यापासून बचावाच्या आयपी ६५ किंवा ६७ दर्जाचा अ‍ॅक्सेस पॉइंट बघावा. त्याला वीज नेटवर्क केबलमधूनच देता येते, याला पीओई म्हणतात. साध्या पीओईत पुरवठ्याच्या टोकाला १५.४ वॅट असतात आणि बाहेर वेगळा सॉकेट लागत नाही. केबल १०० मीटरपर्यंत चालते. ती उन्हाला टिकणाऱ्या वेष्टणाची, शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्त असते, पण तीतून वीज नेण्याच्या फंदात पडू नका. उघड्यावरून केबल जात असेल तर सर्ज प्रोटेक्टर आणि अर्थिंग हवंच. आणि घरात लावायचा रिपीटर एक्स्टेन्शन बोर्डासकट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बाहेर ठेवण्याचा जुगाड कृपा करून करू नका. आत दव साचतं, आणि पुढचा धोका गाणं तुटण्यापुरता राहत नाही.

महिन्यातून एखाद्या वेळीच स्पीकर बाहेर जात असेल तर यातलं काहीही विकत घेऊ नका. बहुतेक फिरत्या स्पीकरांत वायफायबरोबर ब्लूटूथही असतं. गाणी फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, फोन स्पीकरपासून चार-पाच मीटरच्या आत, खिशात नव्हे तर टेबलावर ठेवा, आणि फोनला फ्लाइट मोडवर टाकून फक्त ब्लूटूथ चालू करा. मधे कुणाचा फोन येऊन गाणं थांबणार नाही.